दुता, बहासा, मर्देका

इंडोनेशियात राजदूताला ‘दुता बसार’ म्हणतात. दुता म्हणजे आपला दूत, बसार म्हणजे मोठा. परराष्ट्र मंत्रालय म्हणजे ‘कमंतेरियान लुआर नगेरी’: मंतेरी हा मंत्री, लुआर म्हणजे बाहेर आणि नगेरीत आपली नगरी लपलेली. दुभाष्याला ‘जुरू बहासा’ असा भारदस्त शब्द आहे, भाषेतला जाणकार अशा अर्थाचा. मराठी माणसाला ही शब्दसंपत्ती पहिल्या दिवशी फार सुखावते आणि दुसऱ्या दिवशी फसवते. ‘नगारा’ म्हणजे शहर नव्हे, राष्ट्र. ‘काता’ म्हणजे कथा नव्हे, शब्द. स्वच्छतागृहाच्या दारावर ‘प्रिआ’ लिहिलेले असते ते पुरुषांसाठी. ‘मर्देका’ म्हणजे स्वतंत्र. हा शब्द संस्कृत ‘महर्द्धिक’ या समृद्ध, सामर्थ्यवान अशा अर्थाच्या शब्दावरून आला. डच काळातल्या बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, गुलामीतून सुटलेल्या लोकांना ‘मार्दाइकर’ म्हणत. दास्यमुक्त माणसासाठी वापरला जाणारा शब्द पुढे एका देशाची घोषणा झाला.

या देशाच्या स्वातंत्र्याच्या इतिहासात एक विशेष गोष्ट आहे. आपापसात बोलायला जी भाषा घेतली ती बहुतेकांची मातृभाषा नव्हती, आणि जगाशी बोलायला ज्या भाषा वापरल्या त्या तर कुणाच्याच नव्हत्या. दोन्ही शिकून घ्याव्या लागल्या. त्या कुठे शिकल्या गेल्या आणि कुठे कामाला आल्या, ती ठिकाणे आजही पाहता येतात. प्रस्तुत लेखकाने हा प्रवास पश्चिम सुमात्रातल्या कोतो गादांग या गावापासून सुरू केला. जकार्तात तो लांबला, आणि पश्चिम जावातल्या लिंगारजातीला संपला. आधी काही महिने भाषेची शिकवणी झाली होती.

ही भाषा सोपी म्हणून ओळखली जाते आणि सुरुवातीला ती खरोखरच सोपी आहे. लिंग नाही, विभक्ती नाहीत, क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही. अनेकवचन हवे तर शब्द दोनदा म्हणायचा. अवघडपणा नंतर उपसर्ग आणि प्रत्ययांत दडलेला सापडतो. ‘तुलिस’ हा लिहिण्याचा धातू. त्याला उपसर्ग लागला की ‘मनुलिस’ होते आणि ‘त’ गायब होतो. शब्दकोशात ‘मनुलिस’ शोधणारा नवखा विद्यार्थी मग बराच वेळ ‘म’च्या पानांवर भटकतो, कारण शब्द ‘त’मध्ये असतो.

एक गोष्ट मात्र मराठी माणसाला शिकावी लागत नाही. ‘कामी’ आणि ‘किता’ ही दोन सर्वनामे इंग्रजीत एकाच शब्दात कोंबावी लागतात. मराठीत ती आहेत: ऐकणाऱ्याला वगळून ‘आम्ही’, ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’. राजनीतीच्या भाषेत हा भेद किरकोळ नाही. १७ ऑगस्ट १९४५ च्या स्वातंत्र्यघोषणेचा पहिला शब्द ‘कामी’ आहे. घोषणा जगाला उद्देशून होती, आपसातली नव्हती. इंग्रजी भाषांतरात हे दिसत नाही. मराठीत ‘आम्ही’ म्हटले की काम झाले.

पाडांग शहरापासून बुकितिंगीपर्यंतचा रस्ता सुमारे ९० किलोमीटरचा. आनाई खोऱ्यात एक धबधबा अगदी रस्त्याच्या कडेला कोसळतो, आणि मग घाट चढत गाडी थंड हवेत येते. बुकितिंगीचे डच नाव फोर्ट द कॉक. शहराच्या कडेला सियानोक दरी आहे, उभ्या कड्यांची आणि तळाशी भातखाचरांची. माकडे पर्यटकांच्या पिशव्यांवर लक्ष ठेवून असतात. दरीत उतरून पलीकडे पायऱ्या चढल्या की कोतो गादांग येते. गाव लहान आहे, चांदीच्या तारकामासाठी प्रसिद्ध, आणि दुपारी विलक्षण शांत. एवढ्याशा गावाने इतके वक्ते, संपादक आणि मुत्सद्दी कसे दिले, हा प्रश्न इथल्या गल्ल्यांतून फिरताना सुटत नाही, उलट वाढतो. रोहाना कुदुस इथली; १९१२ मध्ये तिने ‘सुंतिंग मलायू’ हे स्त्रियांचे वृत्तपत्र काढले. स्वतंत्र इंडोनेशियाचा पहिला पंतप्रधान सुतान शाहरिर याचे घराणे इथलेच. डच काळातल्या लोकसभेत, फोल्क्सराडमध्ये, हट्टाने मलय बोलणारे याह्या दातुक कायो हेही इथलेच. आणि हाजी आगुस सलीम.

कारणांपैकी एक मिनांगकाबाऊ समाजाच्या रचनेत आहे. घर आणि जमीन आईकडून मुलीकडे जाते. तरुण मुलाने गाव सोडून बाहेर जावे, कमवावे, शिकावे, अशी रीत आहे. तिला ‘मरांताऊ’ म्हणतात. घर सोडणाऱ्याला दुसऱ्याची भाषा शिकावीच लागते. दुसरे कारण शाळा. बुकितिंगीत १८५६ पासून शिक्षक घडवणारी शाळा होती, आणि डच शिक्षणाची किंमत या गावाने लवकर ओळखली.

सलीम ८ ऑक्टोबर १८८४ रोजी जन्मले. बटाव्हियाच्या डच माध्यमिक शाळेतून १९०३ मध्ये ते इतक्या वरच्या क्रमांकाने बाहेर पडले, की जावातल्या कार्तिनी या तरुणीने स्वतःला मंजूर झालेली शिष्यवृत्ती या मुलाला द्यावी असे पत्र डच स्नेह्यांना लिहिले. दोघांची भेटही झालेली नव्हती. शिष्यवृत्तीचे मात्र जमले नाही. वैद्यक शिकण्याचा सलीम यांचा बेत बारगळला. १९०६ ते १९११ ही वर्षे त्यांनी जेद्दाच्या डच वकिलातीत दुभाषा म्हणून काढली. डच इंडीजमधून दरवर्षी हजारो यात्रेकरू हजला जात, आणि त्यांची कागदपत्रे, तक्रारी, भांडणे वकिलातीसमोर येत. तिथे सलीम यांची अरबी पक्की झाली. मक्केत त्यांच्याच नात्यातले विद्वान शेख अहमद खातीब होते. धर्माचे शिक्षण त्यांच्याकडे झाले. वसाहतीच्या सरकारने स्वतःच्या सोयीसाठी एका हुशार नोकराला अरबी शिकू दिली, तिची वसुली छत्तीस वर्षांनी कैरोत झाली. ती कशी, ते पुढे येते.

जकार्तातल्या पेजाम्बोन रस्त्यावर परराष्ट्र मंत्रालय आहे. आवारात खांबांची एक पांढरी इमारत आहे, आज तिला ‘गदुंग पंचसीला’ म्हणतात. १ जून १९४५ रोजी सुकार्णो यांनी पंचसीलाचे, म्हणजे राष्ट्राच्या पाच तत्त्वांचे, भाषण इथे केले. त्याआधी इथे फोल्क्सराड भरत असे. १९१८ मध्ये सुरू झालेल्या या सभेत मलय बोलायची कायद्याने मुभा होती, पण बहुतेक सभासद डच बोलत. प्रतिष्ठा तिथे होती. सलीम १९२१ ते १९२४ या काळात सभासद होते. त्यांची डच अस्खलित असूनही ते मलयमध्ये उभे राहिले. एक किस्सा सगळीकडे सांगितला जातो: एका डच सभासदाने खवचटपणे विचारले, ‘एकोनोमी’ला मलयमध्ये काय म्हणतात? सलीम म्हणाले, आधी आपण त्याला डचमध्ये शब्द सांगा, मग मी मलयमधला सांगतो. शब्द ग्रीकांचा होता, दोघांनीही उसना घेतलेला.

गंमत अशी की हेच सलीम घरी मुलांशी डच बोलत. वसाहतीच्या शाळेत मुलांना घालायचे नाही असे ठरवून त्यांनी त्यांना घरी शिकवले, आणि शिकवले ते बरेचसे डचमध्ये. विसंगती वाटेल, पण त्या पिढीला ती वाटत नव्हती. १९२८ मध्ये हेगच्या न्यायालयात मोहम्मद हात्ता यांनी केलेला बचाव डच भाषेत होता, १९३० मध्ये बांडुंगच्या न्यायालयात सुकार्णो यांचाही. राज्यकर्त्यांना त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच कायद्याने पेचात पकडायचे, तर ती भाषा त्यांच्यापेक्षा चांगली यावी लागते. ही गोष्ट टिळकांच्या खटल्यांची परंपरा ठाऊक असलेल्या वाचकाला वेगळी समजावून सांगायला नको.

क्रामात राया या गर्दीच्या रस्त्यावर १०६ क्रमांकाचे बैठे घर आहे. रिक्षा, मोटारी, दुचाकींचा अखंड गोंगाट फाटकापर्यंत येतो. हे विद्यार्थ्यांचे वसतिगृह होते. मालक सी कोंग लियान नावाचे चिनी गृहस्थ. २८ ऑक्टोबर १९२८ रोजी दुसऱ्या युवक परिषदेची शेवटची बैठक इथे झाली. एक जन्मभूमी, एक राष्ट्र आणि एकतेची एक भाषा अशी शपथ घेतली गेली. डब्ल्यू. आर. सुप्रातमान यांनी पुढे राष्ट्रगीत झालेली धून व्हायोलिनवर वाजवली, शब्दांवाचून, पोलिसांची नजर होती म्हणून. ते व्हायोलिन या संग्रहालयात आहे.

भाषेचे नाव ‘इंडोनेशियन’ असावे हा विचार दोन वर्षे आधीचा. १९२६ च्या पहिल्या परिषदेत मोहम्मद यामिन यांनी मसुद्यात ‘मलय भाषा’ लिहिले होते. मोहम्मद ताब्रानी या पत्रकाराने आक्षेप घेतला: राष्ट्र इंडोनेशिया, तर भाषाही ‘बहासा इंडोनेसिया’ हवी. तोवर अशा नावाची भाषा अस्तित्वातच नव्हती. १९२८ मध्ये नाव तेच ठरले.

पण जावानीज का नाही? बोलणारे सर्वांत जास्त तिचेच होते, साहित्य जुने होते, आणि चळवळीतले निम्मे लोक जावाचे. मलय ही मातृभाषा असणारे त्या मानाने मूठभर. पण जावानीजमध्ये माणसाच्या पायरीप्रमाणे शब्द बदलतात: बरोबरीच्या वा धाकट्याशी ‘न्गोको’, वडीलधाऱ्याशी वा वरिष्ठाशी ‘क्रामा’. बोलणारा तोंड उघडताच कोण कुणाच्या वर हे ठरते. मलय बाजाराची, बंदराची, खलाशांची भाषा होती; शतकानुशतके बेटाबेटांत चालत आलेली. आणि ती कुठल्याही बलाढ्य जमातीची नव्हती. सर्वांत मोठ्या गटाने आपली भाषा पुढे रेटली नाही, हा निर्णय प्रस्तुत लेखकाला सबंध चळवळीतला सर्वांत शहाणा वाटतो; त्याचे मोल कळायला भारतातल्या राजभाषेच्या वादांची आठवण पुरे.

ठराव झाला तरी सवय एका रात्रीत बदलत नाही. परिषदेतली पुष्कळ भाषणे डचमध्येच झाली होती. भाषेला खरा रेटा मिळाला तो जपान्यांमुळे. १९४२ मध्ये त्यांनी डचवर बंदी घातली. जपानी कुणाला येत नव्हती. मग कचेऱ्या, शाळा, वर्तमानपत्रे सगळे इंडोनेशियनमध्ये आणावे लागले. नवे शब्द घडवायला त्याच वर्षी आयोग नेमला गेला. बंदीचा हेतू अर्थातच उदात्त नव्हता.

इमाम बोंजोल रस्त्यावरचे १ क्रमांकाचे घर जपानी नौदलाचे रिअर अॅडमिरल तादाशी माएदा यांचे निवासस्थान होते. आज घोषणेच्या मसुद्याचे संग्रहालय आहे. १६ ऑगस्टच्या रात्री उशिरा सुकार्णो, हात्ता आणि आखमद सुबार्जो इथल्या जेवणाच्या टेबलाशी बसले. सुबार्जो लायडनमध्ये कायदा शिकलेले, हात्ता रॉटरडॅममध्ये अर्थशास्त्र. हस्ताक्षर सुकार्णो यांचे. मसुद्यात खाडाखोड आहे. सायुती मलिक यांनी तो टंकित केला. जपानी कचेरीतल्या यंत्रावर रोमन अक्षरे नसल्याने टंकयंत्र जर्मन नौदलाच्या कचेरीतून आणावे लागले. टंकताना ‘तेम्पोह’चे ‘तेम्पो’ झाले, आणि ‘इंडोनेशियन राष्ट्राचे प्रतिनिधी’ याऐवजी ‘इंडोनेशियन राष्ट्राच्या नावाने’ आले. सही करणारे सुकार्णो आणि हात्ता प्रतिनिधी म्हणून कुणी निवडून दिलेले नव्हते. दुसरा शब्दप्रयोग कायद्याच्या दृष्टीने अधिक टिकाऊ होता. तारखेत वर्ष ‘०५’ आहे: जपानी गणनेतले २६०५. हस्तलिखित कचऱ्यात जायचे, ते बी. एम. दियाह या पत्रकाराने उचलून ठेवले आणि १९९२ मध्ये सरकारला दिले. सकाळी दहाला पगांगसान तिमुर ५६ इथल्या घराच्या ओसरीवर घोषणा वाचली गेली. ते घर आता नाही. बाग आणि दोन पुतळे आहेत. दोन दिवसांनी सुबार्जो पहिले परराष्ट्रमंत्री झाले. मंत्रालयाला जागा नव्हती, म्हणून ते त्यांच्या चिकिनीतल्या घरातून चालले.

मराठी माणसाचा या इतिहासाशी सर्वांत अवघड संबंध सुराबायाचा आहे. २५ ऑक्टोबर १९४५ रोजी तिथे उतरलेल्या ब्रिटिशांच्या ४९ व्या भारतीय पायदळ ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान होते. ब्रिगेडिअर मॅलबी यांनी स्थानिक नेत्यांशी समझोता केला होता. दुसऱ्याच दिवशी जकार्ताहून आलेल्या विमानाने शस्त्रे खाली ठेवा अशी पत्रके टाकली. एक तोंडी शब्द, दुसरा छापील, आणि दोहोंत मेळ नाही. ३० ऑक्टोबरला मॅलबी मारले गेले. १० नोव्हेंबरला शहरावर हल्ला सुरू झाला. तो दिवस इंडोनेशियात वीरदिन आहे. सातारा-कोल्हापूरच्या खेड्यांतून आलेल्या आणि स्वतःच परदास्यात असलेल्या शिपायांना समोरच्याची घोषणा ‘मर्देका’ कानावर पडली असेलच. तिच्यातले संस्कृत ओळखायची ती वेळ नव्हती.

गंबीर स्थानकावरून चिरेबोनला जाणारी रेल्वे तीनेक तासांत पोचवते. पुढे रस्ता चरमाई ज्वालामुखीच्या पायथ्याशी चढतो. लिंगारजाती हे कुनिंगान जिल्ह्यातले थंड, हिरवे गाव. वाटाघाटींची इमारत जुने विश्रामगृह आहे, आणि तिच्या नावांतच सबंध दशक आहे: डचांच्या काळी ‘रुस्टओर्ड’, जपान्यांच्या काळी ‘होकाई र्‍योकान’, प्रजासत्ताकात ‘हॉटेल मर्देका’. नोव्हेंबर १९४६ मध्ये इथे शाहरिर आणि डचांचे माजी पंतप्रधान स्खेरमरहॉर्न समोरासमोर बसले. मध्यस्थ ब्रिटनचे लॉर्ड किलर्न. खोल्या, लाकडी पलंग, बैठकीचे टेबल जपून ठेवलेले आहे. स्खेरमरहॉर्न यांनी आपल्या रोजनिशीत सलीम यांच्या भाषाप्रभुत्वाचे कौतुक केले आहे. किमान नऊ भाषा हा माणूस बोलतो-लिहितो असे म्हणून त्यांनी एकच उणीव नोंदवली, ती त्याच्या गरिबीची. सलीम आयुष्यभर भाड्याच्या घरांत राहिले. मसुद्यावर १५ नोव्हेंबरला आद्याक्षरे झाली, सह्या २५ मार्च १९४७ ला. मधल्या काळात डच संसदेने कराराला स्वतःचा अर्थ लावून ठेवला. त्याला तिथे ‘कपडे घातलेला लिंगारजाती’ म्हणत. शब्द तेच होते, अर्थ दोन. जुलैत डच सैन्य चालून गेले.

त्या मार्चमध्येच अरब लीगचा निरोप घेऊन योग्यकार्ताला एक पाहुणा पोचला: इजिप्तचे मुंबईतले कॉन्सल जनरल मुहम्मद अब्दुल मुनीम. राजधानी तेव्हा योग्यकार्ता होती आणि डच नाकेबंदी चालू होती. दिल्लीत मार्च-एप्रिलमध्ये आशियाई संबंध परिषद भरली. उपपरराष्ट्रमंत्री सलीम तिला आले आणि पुढे कैरोला गेले. तिथे दुभाष्याची गरज पडली नाही. जेद्दात डच सरकारच्या पगारावर पक्की झालेली अरबी, आणि सोबत कैरोत शिकलेले रशीदी. १० जून १९४७ रोजी पंतप्रधान नोक्राशी पाशा आणि सलीम यांनी मैत्री करारावर सह्या केल्या. डच राजदूताचा विरोध कामी आला नाही. शिष्टमंडळातले ए. आर. बास्वेदान मूळ कागद घेऊन एकटे परतले, आणि जकार्ताच्या विमानतळावर झडती चुकवायला त्यांनी तो पायमोज्यात लपवला, असे सांगतात. जुलैत बिजू पटनाईक यांनी डकोटा विमानातून शाहरिर यांना बाहेर काढून भारतात आणले. १४ ऑगस्टला शाहरिर सुरक्षा परिषदेपुढे इंग्रजीत बोलले; सलीम बरोबर होते.

पुढची दोन वर्षे युद्धाइतकीच शब्दांचीही आहेत. १९४७ आणि १९४८ च्या लष्करी मोहिमांना डच ‘पोलिसी कारवाई’ म्हणत: पोलिसी म्हटले की प्रश्न घरचा राहतो, संयुक्त राष्ट्रांचा होत नाही. इंडोनेशियन पाठ्यपुस्तकांत त्यांना ‘आग्रेसी मिलितेर’, लष्करी आक्रमण, म्हणतात. १९ डिसेंबर १९४८ ला योग्यकार्ता पडली आणि सुकार्णो, शाहरिर यांच्याबरोबर सलीमही कैदेत गेले. हेगच्या गोलमेज परिषदेनंतर २७ डिसेंबर १९४९ ला जे घडले त्याला डच ‘हस्तांतरण’ म्हणतात, इंडोनेशियन ‘पंगाकुआन’, मान्यता. हस्तांतरण म्हणायचे तर आधीची चार वर्षे देश डचांचा ठरतो. मान्यता म्हणायची तर तो १९४५ पासून स्वतंत्र.

सलीम ४ नोव्हेंबर १९५४ ला वारले आणि जकार्ताच्या कालिबाता वीरभूमीत त्यांना जागा मिळाली. पेजाम्बोनच्या मंत्रालयात आज परकी भाषांना महत्त्व आहे, पण करारांत इंडोनेशियन वापरणे २००९ च्या २४ व्या कायद्याने बंधनकारक केले आहे. भारतीय विदेश सेवेच्या नव्या अधिकाऱ्यांना सक्तीने एक परकी भाषा शिकावी लागते; तिच्या यादीत बहासा इंडोनेसिया आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये युनेस्कोच्या महासभेने तिला आपल्या अधिकृत भाषांत दहावे स्थान दिले. त्याच वर्षी जूनमध्ये डच पंतप्रधान मार्क रुट यांनी संसदेत सांगितले, की इंडोनेशिया १७ ऑगस्ट १९४५ पासून स्वतंत्र आहे हे नेदरलँड्स पूर्णपणे आणि विनाअट मानते. तोवर अठ्ठ्याहत्तर वर्षे होत आली होती.